सात नंबर खाटेवरची शिकवणी

तोंडावर मी त्याला कायम सर म्हणाले. वॉर्डात सगळेच त्या डॉक्टरला मोठे सर म्हणायचे. तो आला की सिस्टर उठून उभ्या राहायच्या आणि मी खाटेवर सावरून बसायचे. पण ही वही माझी आहे. इथे मी त्याला अहोजाहो करणार नाही.

मला दम लागायला सुरुवात झाली ती कारखान्यावर. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढताना मधेच थांबावं लागायचं. मागून येणाऱ्या बाया म्हणायच्या, "चल की गं, फळीवर काय फोटो काढायचाय?" मग पायावर सूज आली, रात्री आडवं पडता येईना, तेव्हा मालक, म्हणजे माझा नवरा, मला गावी घेऊन आले. आधी नेकनूरच्या दवाखान्यात गेलो. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉक्टरकीचं कॉलेजही आहे. हृदयाची डावी झडप आवळली आहे असं निघालं. बायकांच्या वॉर्डात सात नंबरची खाट मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टरकी शिकणाऱ्या वीस-पंचवीस पोरापोरींना घेऊन आला. मला वाटलं गोळ्या बदलणार. त्याने माझ्याकडे न बघता पोरांना काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि सांगता सांगताच माझा पदर ओढला. टोपलीवरचं फडकं काढावं तसा. मी ब्लाऊजची कड हाताने धरली. त्याने हातातल्या, छाती ऐकायच्या नळीने माझ्या बोटांवर टकटक केलं आणि पोरांना मराठीत म्हणाला, "ह्या ऊसतोडीच्या बाया. सहा महिने उघड्यावर राहतात, उघड्यावर आंघोळी करतात. इथं आल्या की ह्यांना लाज आठवते."

पोरं हसली. सगळी हसली की अर्धी, हे मी तेव्हा बघू शकले नाही. मी छताकडे बघत होते. पण दारात मालक उभे होते हे मला माहीत होतं, कारण ते चहा घेऊन येतो म्हणून गेले होते आणि चहाचा वास आला होता. त्यांनी ऐकलं. कप खिडकीत ठेवला आणि बाहेर गेले. ती गोष्ट आम्ही दोघांनी घरी कधी काढली नाही. न काढल्याने ती कमी झाली नाही, उलट वाढत गेली.

एकवीस पोरापोरींनी त्या दिवशी छातीला नळी लावली. मी मोजली. त्या दिवशी मी ठरवलं की ह्याला कधीतरी असंच, एवढ्याच लोकांसमोर, उघडं करायचं. कसं, ते मला माहीत नव्हतं. चौथीपर्यंत शाळा झालेली बाई, कंडक्टरला तिकिटाचे उरलेले पैसे मागताना जिचा आवाज फुटत नाही, ती काय करणार?

त्यांनी मला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन लावून दिलं. त्यामुळे मी दवाखान्यात येतच राहिले. आणि तिथे एक पद्धत आहे. परीक्षा आली की दवाखान्यातून निरोप येतो: या, पोरांची परीक्षा आहे. ज्यांच्या छातीतला आवाज चांगला ऐकू येतो, ज्यांची पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, मोठी आहे, ज्यांच्या हातापायातली ताकद गेली आहे, अशा आम्हाला एकेका खाटेवर झोपवतात. आम्हाला 'केस' म्हणतात. पोरं येतात, विचारतात, तपासतात, आणि मग बाहेरगावचे परीक्षक त्यांना विचारतात की ह्या बाईला काय झालंय. आम्हाला ते पोरांपेक्षा आधी माहीत असतं. किती वर्षं तेच ऐकतोय. घाबरलेलं पोर दिसलं की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या हळूच सांगून टाकतात, "माझं काळीज हाय बरं का, फुफ्फुस न्हाई." पोर पास होतं आणि पाया पडून जातं.

मीही सांगायचे. पण सगळ्यांना नाही. जे आत येताना "मावशी, बसू का?" म्हणायचे त्यांना मी सांगायचे. न विचारता हात घालणाऱ्यांना नाही. खोटं मी एकदाही बोलले नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे आणि गप्प बसायचे. माझ्यासारख्या बाईच्या हातात एवढंच होतं आणि ते मला गोड लागत होतं, हे इथे लिहून ठेवते.

दोन वर्षांनी एका परीक्षेला एक मुलगी माझ्या खाटेशी आली. बारीक चणीची, आवाज एवढा लहान की मला उशीवरून मान उचलावी लागली. तिला बघताच मी ओळखलं. त्या दिवशी ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि छतावरून नजर खाली आली तेव्हा मला पहिल्यांदा तिचेच दात दिसले होते.

ती विचारत होती, दम कधीपासून, सूज कधीपासून, खोकल्यातून रक्त पडतं का. मी सांगत होते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे तिने विचारलं नाही. तेच तर मूळ आहे, ह्या झडपेचं दुखणं तिथूनच सुरू होतं. मी सांगितलं नाही. मग तिने नळी लावली. माझ्या छातीतला आवाज उताणं पडून नीट ऐकू येत नाही, डाव्या कुशीवर वळावं लागतं. चांगल्या पोरांसाठी मी आपणहून वळायचे. त्या दिवशी मी उताणीच पडून राहिले, पंख्याकडे बघत. तिने दोनदा नळी हलवली, तिच्या कपाळावर घाम आला. घंटा झाली. परीक्षकाला तिने झडप गळतेय असं सांगितलं.

ती नापास झाली. मला ते पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी सिस्टरकडून कळलं आणि परत येताना एसटीत मला भूक लागली, बऱ्याच दिवसांनी लागावी तशी.

काही महिन्यांनी मी इंजेक्शनसाठी बाकावर बसले होते. ती येऊन शेजारी बसली.

"मावशी, ओळखलं का?"

"वळखलं."

"परत परीक्षा आहे माझी. तुमच्या खाटेवर मी काय विचारायचं विसरले होते, तेवढं सांगाल का?"

ती रागावलेली नव्हती. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर मला बरं पडलं असतं.

"तुमी हसला हुता," मी म्हणाले. एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल. "मोठ्या सरांनी पदर ओढला तवा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. सगळे हसले म्हणून मीही हसले."

"सगळ्या केसा गप बसत्यात म्हणून मी बी गप बसले."

तिने मान खाली घातली. रडली नाही, बरं झालं. मग मी तिला सांध्यांचं सांगितलं, कुशीचं सांगितलं. माफ केलं म्हणून नाही. ती हो म्हणाली म्हणून. त्या वॉर्डात केलेल्या गोष्टीला हो म्हणणारं ते पहिलंच माणूस होतं.

ती पास झाली आणि तिथेच वॉर्डात कामाला लागली. त्याच सुमारास दुसरीकडून एक मॅडम बदलून आल्या. केस पांढरे, पायात साधी चप्पल, बोलताना समोरच्याच्या उंचीला येऊन बसायच्या. त्यांनी एक नवीन गोष्ट काढली. वरच्या वर्षाच्या आणि नुकत्याच पास झालेल्या पोरांनी खालच्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं, खाटेजवळ, खऱ्या पेशंटवर. आणि शिकवून झालं की मॅडम तिघांना विचारणार: शिकलेल्यांना, शिकवणाऱ्याला आणि पेशंटला. त्या म्हणायच्या, "डॉक्टर झालं की शिकवता येतं असं नाही. तेही शिकावं लागतं, आणि आवडावं लागतं."

ती मुलगी त्यात पहिली गेली. मोठ्या सराने तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "तू शिकवणार? तुझं बोलणं तुझं तुला तरी ऐकू येतं का? आधी एका दमात पास व्हायला शिक." तेव्हा मी सात नंबरवर होते, तब्येत पुन्हा बिघडली होती. माझ्या मनात आलं, ही पोरगी माझ्या कामाची आहे.

पहिल्या दिवशी तिने माझ्यावर सहा पोरांना शिकवलं. म्हणजे पुस्तक म्हणून दाखवलं. पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत होती, एक जण खिडकीतून खालची कँटीन बघत होता. शेवटी सहाही जणांनी नळी लावून मान हलवली. एकालाही ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं की माणसाचे डोळे थांबतात, ते मला माहीत आहे.

मॅडम माझ्या खाटेवर बसल्या. "कसं शिकवलं हिने?"

मी पदर तोंडाला लावला. "चांगलं."

"चांगलं म्हणजे कसं? मला खरं हवंय."

"पोरं हितं नव्हती," मी म्हणाले. "ती बी हितं नव्हती. पुस्तकात हुती."

मॅडम मोठ्याने हसल्या. मुलगी लाल झाली. मला आतून फार बरं वाटलं. मग मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा, कसं शिकवावं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी दोन दिवस त्याचा विचार केला. मला एक आठवलं. एकदा एका पोराने गंमत म्हणून नळी माझ्याच कानाला लावली होती आणि माझं काळीज मी ऐकलं होतं. आधी जोरात धप्, मग बारीक टक्, आणि मग लांबून घर्रर्र. घाट चढणाऱ्या उसाच्या गाडीसारखं, लांब असताना ऐकू येतं तसं. पहाटे कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडल्यापडल्या ते किती वेळा ऐकलंय. पोरांना पुस्तकातला इंग्रजी शब्द सांगून काय होणार? त्यांना कशासाठी कान लावायचा तेच माहीत नाही.

मी मुलीला म्हणाले, "आदी वाजवून दाव. मग ऐकू दे."

ती आधी लाजली. मग खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाने वाजवायला लागली. धप्. टक्. आणि तिसऱ्या आवाजासाठी नख कडेवरून ओढायचं. पुढच्या वेळी तिने सहा जणांना तसं वाजवायला लावलं. सगळा वॉर्ड बघायला लागला. मी म्हणाले, उसाची गाडी चढावर असल्यासारखं. एका पोराने विचारलं, "मावशी, गाडी रिकामी का भरलेली?"

"भरलेली. रिकामी कशाला कण्हील?"

त्या दिवशी सहातल्या पाच जणांचे डोळे थांबले. सहाव्याला तिने परत कुशीचा कोन बदलून ऐकवलं, ओरडली नाही. तिचा आवाज तेवढाच लहान होता, पण पोरं वाकून ऐकत होती. वाकून ऐकणारी पोरं खिडकीतून कँटीन बघत नाहीत. मी तिला म्हणाले, "आवाज मोठा करू नको. हाय त्योच ठिव."

पोरं तिच्याकडे यायला लागली. मोठ्या सराचा तास असला की मागे उभी राहायची आणि नंतर हिला शोधत यायची, "मॅडम, ते वाजवून दाखवा ना." मी मोजत होते. ह्याच्या हाताखालून एक एक पोर निघतंय, हे बघायला मला कोणत्याही गोळीपेक्षा जास्त आराम पडत होता. मुलीला वाटायचं मी तिच्यासाठी करतेय. एकदा तिने विचारलंही, "मावशी, तुम्ही मला माफ केलंय ना?" मी म्हणाले, "आजून शिकीव."

मग मॅडमनी विचारलं, अजून काय सुधारायला हवं. मी म्हणाले, "हात."

"हाताचं काय?"

"इचारायच्या आदीच येत्यात."

मॅडमनी माझ्या पदर धरलेल्या हाताकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. पेशंटला विचारायचं, तपासू का, आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात. आणि पेशंट नाही म्हणाला तर "बरं" म्हणायचं आणि दुसऱ्या खाटेकडे जायचं.

आता अडचण अशी झाली की नाही म्हणणारं कुणी मिळेना. पोरांना नकार घ्यायची सवय व्हावी म्हणून मॅडमनी आम्हालाच सांगितलं, कधीकधी मुद्दाम नाही म्हणा. वॉर्डातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टरला नाही म्हणायचं? मी पहिल्यांदा म्हणायला गेले आणि हसूच आलं. चार नंबरची बाई "न्हाई" म्हणाली आणि लगेच "पण तपासा" म्हणाली. तीन नंबरची म्हातारी तेवढी ठणठणीत बोलली. "मला कशाला शिकिवता? म्हाताऱ्याला जलमभर हेच म्हणत आले." आठवडाभर वॉर्डात तेच चाललं होतं. मी भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणून बघायचे. न्हाई. न्हाई.

मोठ्या सराला ते सगळं नाटक वाटायचं. तो वॉर्डात येऊन मॅडमसमोर म्हणायचा, "पोरांनी पोरांना शिकवायचं आणि पेशंटनी मार्क द्यायचे. दवाखाना आहे की बालवाडी?" त्याला ते बंद करायचं होतं. बाहेरून तीन जण पाहुणे येणार होते. ते बघून ठरवणार होते की मॅडमचं हे काम पुढे चालू ठेवायचं की नाही. त्याने सांगितलं की आधी तो स्वतः एक तास घेऊन खरी पद्धत दाखवेल, मग त्या मुलीने घ्यावा. म्हणजे पाहुण्यांना फरक कळेल. केस म्हणून त्याने सात नंबर निवडला.

तो मला ओळखत नव्हता. इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्याच्यासाठी मी झडप होते.

आणि त्याच वेळी माझी झडप त्याच्या हातात होती. गोळ्यांनी आता भागत नव्हतं. मांडीतून नळी घालून फुग्याने झडप मोकळी करायची, असं ठरलं होतं. ते दुसऱ्या शहरात होतं आणि इथून ज्यांची नावं जायची त्या यादीवर सही त्याची लागायची. माझा कागद त्याच्या टेबलावर पडलेला होता. दोन जिने चढले तर मला तिसऱ्यावर बसावं लागायचं. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं की फार लांबवू नका.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मालक गावाहून आले. डबा ठेवला आणि खाटेजवळ बसले. माझ्या मनात काय आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते कसं कळलं देव जाणे.

"आजच्या दिस गप ऱ्हा," ते म्हणाले. "सही त्याचीच हाय."

"तुमी दारात उबे हुता तवा."

ते डब्याचं झाकण लावत राहिले. लागलेलं झाकण परत काढून लावलं.

"हुतो."

"मग?"

"मग काय? तू ऱ्हायली पायजे का न्हाई मला?" ते एवढंच म्हणाले आणि उठले. दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "मी आज हितंच उबा ऱ्हातो. चहाबिहा आणायला जात न्हाई."

अकरा वाजता सगळे आले. तीन पाहुणे, मॅडम, ती मुलगी, पोरापोरींचा घोळका. तो पुढे. अंगावर कडक इस्त्रीचा कोट. त्याने पाहुण्यांना इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, मग त्याला नियम आठवला असावा, कारण मॅडम त्याच्या हातांकडे बघत होत्या. तो हसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय बाई, तपासू ना?" हात पदरापर्यंत आलाच होता.

"न्हाई," मी म्हणाले.

तो थांबला नाही. त्याला ऐकूच आलं नाही, असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. मी पदर दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई म्हणले, सर."

तो पाहुण्यांकडे बघून हसला. "लाजतात ह्या. बाई, पाहुणे आलेत, पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई."

तिसरं सगळ्यात सोपं गेलं. तीन नंबरची म्हातारी मागून म्हणाली, "आवो सर, बरं म्हणा आन् फुडं जावा. तसा नियमच हाय." घोळक्यात कुणीतरी खुसकन हसलं. मग अजून कुणीतरी. ह्या वेळी मी छताकडे बघितलं नाही. एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं, आणि मग त्याचं. त्याचा कान लाल झाला होता. हात मधेच अडकला होता, तो कुठे ठेवायचा हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने तो कोटाच्या खिशात घातला.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "दुसरं कुणी तपासलं तर चालेल का तुम्हाला?"

मी मुलीकडे बोट केलं.

ती पुढे आली. हात खिशात. "मावशी, मी तपासू का? ह्यांना सगळ्यांना ऐकवायचंय. पडदा लावून घेऊ, आत दोघादोघांनाच घेईन."

मी लगेच उत्तर दिलं नाही. ती थांबली. पोरं थांबली, पाहुणे थांबले, तो थांबला. मी त्याला थांबवून ठेवलं. दारात मालक उभे होते, हात मागे बांधून. मला पाहिजे तेवढा वेळ झाल्यावर मी म्हणाले, "तपास."

पडदा लागला. तिने खाटेच्या कडेवर वाजवलं. दोघं दोघं आत आली, आणि प्रत्येकाचे डोळे थांबले. पाहुण्यांपैकी दोघांनीही ऐकलं. पडद्याच्या फटीतून मला त्याचे बूट दिसत होते. तो शेवटपर्यंत तिथेच उभा होता. निघून जाता येत नव्हतं त्याला.

मॅडमचं काम चालू राहिलं. नियम कागदावर छापून प्रत्येक वॉर्डात लावला, शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी, मोठ्यांसाठीही. ती मुलगी आता शिकवण्याचंच काम करायचं म्हणते, पुढे शिकून.

माझा कागद सापडेना झाला. आधी टेबलावर होता, मग कपाटात होता, मग "असा कागद आलाच नव्हता" असं झालं. तो फेरीला आला की सात नंबरच्या पुढून जाताना पोरांना म्हणायचा, "हिला नको, ही नकार देते." त्या वर्षी मालक माझ्याशिवाय कारखान्यावर गेले, पुतण्याच्या जोडीने. मी घरी. चुलीपासून दारापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. लेक रात्री उशाला उश्या रचून मला बसती झोपवायची. त्या दिवसांत, खोटं कशाला लिहू, दोनतीनदा मला वाटलं की आपण मरणार आणि एका शब्दासाठी मरणार. वाटलं तरी तो शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

उन्हाळ्यात मॅडमनी दुसऱ्याच दवाखान्यात थेट माझे कागद पाठवले, त्याच्या सहीशिवाय. फुगा टाकला. परत आले तेव्हा मालक मोळी उचलल्यासारखं मला एसटीतून उतरवून घ्यायला पुढे झाले आणि मी स्वतःच खाली उतरले. ते तिथेच उभे राहिले.

महिन्याने दाखवायला बोलावलं होतं. त्या दिवशी मॅडम कामासाठी बाहेर होत्या, खोलीत तो एकटाच होता. शिपायाने माझं नाव घेतलं. मी दारापर्यंत गेले. त्याने मान वर केली आणि ह्या वेळी मला ओळखलं. चांगलं ओळखलं. हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"तपासायचं का?" तो म्हणाला.

"मॅडम कवा येणार?"

"दोन वाजता."

"मग बसते मी भाईर."

मी त्याच्या दारासमोरच्या बाकावर बसले. दुसरा बाक रिकामा होता, पण हा बरोबर समोर होता. भाकरी काढली, सावकाश खाल्ली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, गेवराईकडची, उमापूरची. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, "तुमचा आदी हाय की. तुमी कावून जाईना?"

मी तिला सांगितलं. सगळं, पदरापासून. माझा आवाज लहानच आहे, तिला वाकून ऐकावं लागलं. पलीकडे बसलेली एक बाई आमचं ऐकायला सरकून जवळ आली, तिच्याबरोबर तिची सून. शिपायाने म्हातारीचं नाव दुसऱ्यांदा घेतलं. ती म्हणाली, "मला बी मॅडमच पायजे."

एक वाजून गेला. बाकी लोक दाखवून निघून गेले. तो दार उघडून बघायचा आणि परत आत जायचा. तिसऱ्यांदा तो दारात आला, बाकाकडे बघितलं, आणि शिपायाला म्हणाला, "पुढच्याला पाठव."

पुढचं कुणी नव्हतं. आम्ही चौघी बसलो होतो.